झुरिकहून शनिवार-रविवारात चार हजार मीटरचे शिखर: आधी परतीची वेळ ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तिघे मित्र मूळचे पुण्याचे, सध्या नोकरीनिमित्त झुरिकला आहात. सह्याद्रीत दहा-बारा वर्षांची भटकंती आहे, अलंग-मदन-कुलंग दोराच्या साहाय्याने झाले आहे, मात्र हिमनदीवर कधी पाय ठेवलेला नाही. ऑगस्टच्या मध्यात शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायचे आणि तेवढ्यात आल्प्समधले चार हजार मीटरचे एक शिखर करायचे, असा तुमचा विचार आहे. मनात पहिले नाव मों ब्लाँचे आहे, दुसरे अलालिनहॉर्नचे. गाइड घ्यावाच लागेल का आणि तयारी काय करावी, हेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली बरीच वर्षे स्वित्झर्लंडमध्ये राहतो आणि उन्हाळ्यात नवख्या मंडळींना डोंगरात घेऊन जातो, त्यामुळे उत्तर अनुभवावरून देतो. मों ब्लाँ या वेळी मनातून काढून टाका. चार हजार मीटरचे शिखर दोन दिवसांत होऊ शकते, पण ते गाइडबरोबर करा आणि आखणीची सुरुवात शिखराच्या नावापासून करू नका. रविवारी किती वाजता तुम्ही बर्फावरून खाली उतरलेले असला पाहिजेत, ती वेळ आधी पक्की करा आणि तिथून उलटे मोजत या. शिखर, मुक्काम, निघण्याची वेळ आणि आगगाडी या सगळ्या गोष्टी त्या एका वेळेतून ठरतात.

मों ब्लाँला नकार देण्याचे कारण त्याची ४८०० मीटरची उंची एवढेच नाही. नेहमीच्या गूते मार्गावर एक रुंद घळ आडवी ओलांडावी लागते आणि तिच्यातून सतत दगड कोसळत असतात. दिवस जितका तापेल तितके ते वाढतात. मुक्काम सहसा ३८३५ मीटरवरच्या निवाऱ्यात, म्हणजे गिर्यारोहकांसाठी बांधलेल्या डोंगरातल्या मुक्कामघरात, करावा लागतो आणि वाटेवरच्या निवाऱ्यात आरक्षण असल्याशिवाय त्या वाटेने मुक्कामी जाण्याची परवानगी नाही. झुरिक समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटरवर आहे. शुक्रवारी तिथे झोपलेला माणूस शनिवारी ३८०० मीटरवर झोपून रविवारी ४८०० मीटरवर चढू लागला, तर पायांत कितीही ताकद असली तरी त्याचे डोके आणि फुप्फुसे त्याला साथ देतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

उंचीचा हा मुद्दा सह्याद्रीतून येणाऱ्यांच्या लक्षात लवकर येत नाही, कारण तिथे आपली कसोटी ऊन, पाणी आणि कातळ यांच्याशी असते. कळसूबाई १६४६ मीटरवर आहे. अलालिनहॉर्नच्या पायथ्याचे सास-फे हे गावच १८०० मीटरवर आहे. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो आणि तितक्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातला प्राणवायू कमी होतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात आणि ते दिवस शनिवार-रविवारात मिळत नाहीत. म्हणून सराव आधीच्या आठवड्यांत करून ठेवावा लागतो. मोहिमेच्या आधीच्या दोन शनिवार-रविवारांपैकी निदान एकदा २५०० मीटरच्या वर एक रात्र झोपा आणि दुसऱ्या दिवशी ३००० मीटरच्या आसपास चालून या. याचा परिणाम पूर्ण टिकत नाही, पण आपले शरीर उंचीवर कसे वागते हे कळते, आणि ते कळणे फार मोलाचे आहे. शुक्रवारी रात्री झुरिकला न झोपता दरीतल्या गावात झोपणे हासुद्धा साधा आणि उपयोगी उपाय आहे.

आता वेळेचा मुद्दा. उन्हाळ्यात हिमनदीवरच्या भेगांवर बर्फाचे पूल तयार झालेले असतात आणि वाट त्यांच्यावरून जाते. स्वच्छ आकाशाच्या रात्री पृष्ठभागातली उष्णता वर निघून जाते आणि हे पूल दगडासारखे घट्ट होतात. पहाटे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी काट्यांचे, दाते त्यात कर्रकर्र वाजत रुततात आणि बुटाचा ठसासुद्धा उमटत नाही. सकाळी दहाच्या सुमारास त्याच जागी घोट्यापर्यंत पाय जातो आणि दुपारी बारानंतर गुडघ्यापर्यंत. म्हणजे पहाटे तिघांना पेलणारा पूल दुपारी एकालाही पेलेल असे नाही. रात्री ढग राहिले तर उष्णता अडकते, बर्फ नीट गोठत नाही, आणि मग पहाटेचा फायदाही मिळत नाही. म्हणून हवामान पाहताना नुसते पाऊस आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिथे हवेचे तापमान शून्यावर येते ती पातळी, किती उंचीवर आहे आणि रात्री आकाश मोकळे आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर ही रेषा ५२९८ मीटरपर्यंत चढली होती, म्हणजे मों ब्लाँच्या माथ्यावरची हवासुद्धा शून्याच्या वर होती. असे दिवस आता दुर्मीळ राहिलेले नाहीत आणि अशा शनिवार-रविवारी हिमनदीवर जाऊ नये, इतकेच माझे ठाम मत आहे.

या दोन कसोट्यांवर अलालिनहॉर्न (४०२७ मीटर) तपासून पाहू. सास-फेहून रोपवे आणि त्यापुढे डोंगराच्या पोटातून जाणारी मेट्रो अल्पिन तुम्हाला मिटेलअलालिनला, म्हणजे साधारण ३४५० मीटरवर, नेऊन सोडते. तिथून माथा जेमतेम ५७० मीटर वर, दोन-अडीच तासांची चढाई. फेयोख ही ३८२६ मीटरवरची खिंड गाठली की शेवटचा टप्पा उरतो. रात्र खाली गावात काढता येत असल्यामुळे झोप चांगली लागते आणि उंचीचा त्रास मर्यादित राहतो. या सोयीमुळेच ते चार हजारांतले सर्वांत सोपे शिखर म्हणून सांगितले जाते. पण उलटे मोजून पाहा. सकाळच्या पहिल्या गाडीने वर पोहोचेपर्यंत साडेसात-आठ होतात. दोर बांधून, क्रॅम्पॉन चढवून निघेपर्यंत आणखी अर्धा तास जातो. माथ्यावर साडेदहा, परत स्थानकावर बारा. म्हणजे ज्या वेळी पूल सर्वांत कच्चे असतात, नेमक्या त्या वेळी तुम्ही त्यांच्यावरून उतरत असता. जुलैच्या सुरुवातीला, हिवाळ्याचा बर्फ जाड असताना, हे चालून जाते. ऑगस्टच्या मध्यात भेगा उघड्या पडलेल्या असतात आणि वाट वळणावळणाने काढावी लागते. थंड आणि स्वच्छ रात्र मिळाली तर गाइडबरोबर जरूर जा. उष्ण आठवड्यात मात्र वाट सोपी आहे या कीर्तीवर विसंबू नका.

तुमच्या अनुभवाचा विचार करता मला त्याच सास दरीतले व्हाइसमीस हे शिखर जास्त योग्य वाटते. नव्या नकाशांवर त्याची उंची ४०१३ मीटर आहे, जुन्या पुस्तकांत ४०१७ सापडेल. त्याच्या दोन प्रचलित वाटा आहेत. होहसास या रोपवे स्थानकाहून ट्रिफ्ट हिमनदीवरून जाणारी वाट भेगांची आहे. ती सोडून द्या. दुसरी वाट सास-अल्मागेल या गावाहून अल्मागेलर निवाऱ्याकडे (२८९४ मीटर), तिथून झ्विशबेर्गेन खिंडीत (३२६८ मीटर) आणि मग आग्नेय धारेवरून माथ्यावर जाते. या वाटेचा मोठा भाग खडकाचा आहे. घसारा, मोठाले धोंडे, अधूनमधून हात लावून चढायचे सोपे कातळ टप्पे आणि दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी दृष्टिभय, हे सगळे तुमच्या ओळखीचे आहे. अलंग-मदनवर जे पाय स्थिर राहिले ते इथेही राहतील. नवीन असेल ती माथ्याजवळची बर्फाची अरुंद धार, आणि तिच्यासाठीच क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स आणि अनुभवी माणूस बरोबर हवा.

या शिखराचे उलटे गणित असे बसते. बर्फाची धार सकाळी साडेनऊच्या आत उतरून झालेली हवी, म्हणून माथा नऊला. निवाऱ्यापासून माथ्यापर्यंत ११२० मीटरची चढाई आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना साडेचार तास धरावेत, म्हणजे निघायचे साडेचारला आणि न्याहारी पावणेचारला. उतरून निवाऱ्यावर बारा-साडेबारा, सूप पिऊन पुढे दरीत तीन-साडेतीनपर्यंत. तिथून बसने साधारण तासाभरात फिस्प हे रेल्वे स्थानक आणि लोट्शबेर्गच्या बोगद्यातून दोन तासांत झुरिक. रात्री आठच्या आत तुम्ही घरी असाल आणि मध्ये एखादी बस चुकली तरी काही बिघडणार नाही. शनिवारचे काम फक्त निवाऱ्यापर्यंत चढण्याचे: सव्वाबाराशे मीटर, साडेतीन-चार तास, पुरंदरच्या चढाईपेक्षा बरेच लांब पण वाट ठळक. त्यात एक अडचण मी लपवणार नाही. २८९४ मीटरवर पहिल्या रात्री अनेकांचे डोके दुखते आणि झोप तुटक लागते. म्हणूनच आधीच्या आठवड्यातली ती एक उंचावरची रात्र मी आग्रहाने सांगतो आहे.

आता इतर पर्याय. ब्राइटहॉर्न (सुमारे ४१६० मीटर) झेरमाटच्या बाजूला आहे. ३८८३ मीटरपर्यंत रोपवे असल्याने चढाई अगदी थोडी आहे, पण त्यामुळेच १६०० मीटरवरच्या गावातून तासाभरात उंचीचा मोठा धक्का बसतो आणि सगळी वाट हिमनदीवरून आहे. म्योंख (सुमारे ४११० मीटर) युंगफ्राऊयोखच्या रेल्वे स्थानकावरून जवळ दिसतो, पण त्याच्या माथ्याकडची धार नवख्यांना देण्यासारखी नाही. इटलीतले ग्रान पाराडिझो सुंदर आहे, मात्र झुरिकहून जाण्या-येण्यातच तुमचा शनिवार-रविवार संपेल.

गाइडबद्दल तुम्ही विचारले आहे की दोर वापरता येतो, गाठी येतात, मग तो कशाला. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी हिमनदीपासून देतो, कारण दोराचा तिथला उपयोग कातळावरच्या उपयोगाहून वेगळा आहे. कातळावर एक चढतो आणि दुसरा बिले देतो, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळतो; हिमनदीवर सगळे एकाच वेळी चालतात आणि सगळ्यांना जोडणारा दोर हाच बिले असतो. तिघांमध्ये आठ-दहा मीटर अंतर ठेवतात. दोर ताणलेला नसतो आणि लोळतही नसतो. तो मध्ये किंचित झोळ खाऊन बर्फाला जेमतेम टेकलेला हवा. हातात दोराची वेटोळी घेऊन चालायची सवय असेल तर ती मोडा, कारण पुढचा भेगेत गेला की ती वेटोळी आधी सुटतात आणि मग झटका बसतो तो दुप्पट. पुढचा पडला तर मागच्या दोघांनी त्याच क्षणी बर्फात बसून टाचा रोवायच्या, मग बर्फात नांगर पुरून भार त्यावर द्यायचा आणि प्रुसिक (दोरावर आवळून बसणारी गाठ) व कप्पी लावून त्याला वर ओढायचे. हे सगळे घरच्या गॅलरीत दहा वेळा केले तरी बर्फात, हातमोजे घालून, घाबरलेल्या मित्राचा आवाज भेगेतून येत असताना ते वेगळेच असते. दोघांनीच हिमनदीवर जाऊ नये असे म्हणतात ते याचसाठी. एकट्या माणसाला पडलेल्याचे वजन धरून नांगर पुरणे जवळजवळ अशक्य असते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगतो. आम्ही तिघे एका चार हजारी शिखराच्या खिंडीपाशी होतो, माथा दोनशे मीटरवर राहिला होता. एक मित्र तासभरापासून गप्प झाला होता. विचारले तर म्हणाला, डोके थोडे दुखते आहे, चला. मी त्याच्या क्रॅम्पॉनकडे पाहिले तेव्हा तो पाय एकमेकांसमोर ओळीत टाकत होता आणि दर चार पावलांनी त्याचे दाते दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून नडगीपर्यंतच्या आवरणात) अडकत होते. मी ते पाहूनही वीस मिनिटे पुढे चाललो, कारण शेवटची बस माझ्या डोक्यात होती आणि माथा डोळ्यांसमोर. मग त्याला उलटी झाली आणि आम्ही वळलो. तोवर ऊन चढले होते. उतरताना एका पुलावर माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि खाली बुटाला काहीच लागले नाही. मागच्या मित्राने दोर धरला, मी पोटावर सरकत बाहेर आलो. आम्ही तिघेही सुखरूप परतलो, पण ती वीस मिनिटे माझी चूक होती. तेव्हापासून चालण्यात तोल गेलेला दिसला की मी त्या माणसाला विचारत नाही, सरळ वळतो. डोकेदुखी, मळमळ आणि लडखडणे एकत्र दिसले तर औषध देऊन पुढे नेऊ नका. उतरणे हाच इलाज आहे.

म्हणून पहिल्या शिखराला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेला गाइड घ्या. त्याचे शुल्क माणशी नसून दिवसाचे असते, शिवाय निवाऱ्यातला त्याचा मुक्काम तुम्ही द्यायचा असतो. तिघांत वाटले तरी रक्कम लहान नाही, हे मान्य आहे. पण एक गाइड धारेवर किती जणांना घेईल हे आधी विचारा, कारण अनेकजण अशा धारेवर दोघांपेक्षा जास्त घेत नाहीत आणि मग तिघांसाठी आखणी बदलते. पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे जायचे असेल तर हिमनदीचा दोन-तीन दिवसांचा अभ्यासवर्ग करा. अल्पाइन क्लबांच्या शाखा तो दर उन्हाळ्यात घेतात.

सामानात बुटांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. सह्याद्रीतले मऊ तळाचे ट्रेकिंग बूट क्रॅम्पॉनखाली वाकतात आणि क्रॅम्पॉन सुटते. कडक तळाचे बूट, त्यांना जुळणारे क्रॅम्पॉन, हेल्मेट, हार्नेस आणि आइस अ‍ॅक्स हे सगळे दरीतल्या गावांत भाड्याने मिळते. क्रॅम्पॉन दुकानातच बुटावर चढवून, बूट उलटा धरून हलवून पाहा, पहाटे चार वाजता टॉर्चच्या उजेडात ते जुळवत बसू नका. बर्फावरचे ऊन सावळ्या कातडीलाही सोडत नाही, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही क्रीम लावा. डोळ्यांना चौथ्या श्रेणीचा, बाजूंनी झाकलेला गॉगल हवा.

निवाऱ्याचे आरक्षण काही आठवडे आधी करा आणि शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा. आयत्या वेळी सांगितले तर नुसत्या नूडल्सवर भागवावे लागते. रात्रीचे जेवण आणि न्याहारी धरून दर असतो. स्वतःची पातळ स्लीपिंग शीट न्यावी लागते, पाणी बहुधा विकत घ्यावे लागते, आंघोळीची अपेक्षा ठेवू नये. संध्याकाळीच पैसे चुकते करा आणि निवाऱ्यातल्या नोंदवहीत आपली नावे व उद्याची वाट लिहा, कारण शोध घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच वही उघडली जाते. येणे रद्द झाले तर फोन करून कळवा; न कळवता गैरहजर राहिलात तर निवारा सांभाळणारे चिंतेत पडतात आणि पैसेही कापले जातात.

विम्याचे पुण्याहून कोणी सांगितले नसेल म्हणून सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला निदान आठ तास नोकरी करणाऱ्याला मालकाकडून अपघात विमा मिळतो आणि त्यात सुटकेचा खर्च येतो. ज्याला तो नाही त्याच्या मूलभूत आरोग्य विम्यातून निम्माच खर्च, तोही वर्षाला ५००० फ्रँकपर्यंत मिळतो. हेलिकॉप्टरचा खर्च त्याहून सहज वर जाऊ शकतो, म्हणून तिघांनीही आपापली विमापत्रे वाचून घ्या आणि गरज वाटल्यास अल्पाइन क्लबचे सभासदत्व किंवा वेगळा विमा घ्या. सास दरी व्हालिस प्रांतात आहे. तिथे मदतीसाठी १४४ लावा. फोन लागला नाही तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा वेळा खूण करा, एक मिनिट थांबा, पुन्हा करा; उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येते. हेलिकॉप्टर दिसले की दोन्ही हात वर तिरके केले तर मदत हवी असा अर्थ होतो, एक हात वर आणि एक खाली तिरका ठेवला तर नको असा.

शेवटचा निर्णय गुरुवारी संध्याकाळी घ्या, शुक्रवारी गाडीत बसल्यावर नाही. मेटेओश्वाइत्सचा, म्हणजे स्विस हवामान खात्याचा, अंदाज पाहा, निवाऱ्यावर फोन करून वाटेची स्थिती विचारा आणि गाइडशी बोला. शून्य अंशाची रेषा ४२०० मीटरच्या खाली आणि रात्र निरभ्र असेल तर व्हाइसमीसला जा. गडगडाटी पावसाची शक्यता दुपारी बाराच्या आधीच दिसत असेल किंवा रेषा ४५००च्या वर असेल तर अल्मागेलर निवाऱ्याचेच आरक्षण ठेवा, रविवारी झ्विशबेर्गेन खिंडीपर्यंत जाऊन इटलीच्या बाजूचे डोंगर पाहा आणि परत या. २८९४ मीटरवरची ती रात्र वाया जाणार नाही. सप्टेंबरच्या पहिल्या थंड आठवड्यात तुम्ही पुन्हा याल तेव्हा तीच तुमची तयारी असेल, आणि सप्टेंबरमधले निरभ्र दिवस या दरीत ऑगस्टपेक्षा पुष्कळदा चांगले असतात.